अंगकोरच्या जिन्यावर

माझ्या सख्ख्या भाच्याने मला फसवलं. संदीप त्याचं नाव. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडलो असताना त्याने आमच्या मंडळाच्या मांडवाचा वासा माझ्या पाठीमागे पुजला आणि माझं काम आपल्या नावावर करून घेतलं. पुढे मी जे लिहिणार आहे ते देवाने मला कसा हात दिला त्याबद्दल आहे. पण ही गोष्ट लपवून मी नुसतं कृपेबद्दल लिहिलं, तर ते माझ्याच्याने पुरं व्हायचं नाही. म्हणून ती आधी सांगितली.

माझा धंदा मांडवाचा. कोवळ्या वयात गावाकडून स्वारगेटला उतरलो तेव्हा पुण्यात ओळखीचं कुणी नव्हतं. आधी खांद्यावरून बांबू वाहिले, मग काथ्याने गाठ मारायला शिकलो, मग दुसऱ्यांच्या मांडवांवर चढलो आणि पुढे स्वतःचे मांडव घालू लागलो. आज कर्वेनगरला घर आहे, नारायण पेठेत दुकान आहे. कुणी मला काही फुकट दिलेलं नाही आणि मीही कुणाला पहिल्या बोलीला काही सोडलेलं नाही. तापट आहे, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे. पण दिलेला शब्द मी कधी मोडला नाही, हेही त्याच सगळ्यांना विचारावं.

वासापूजन म्हणजे काय ते पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गणपतीच्या बरेच दिवस आधी मांडवाचा पहिला वासा, म्हणजे पहिला उंच बांबू, उभा करण्यापूर्वी त्याची पूजा करतात. त्याला हळदकुंकू लावतात, आंब्याचा डहाळा बांधतात, नारळ फोडतात. मंडळाचे लोक वाशाला हात लावतात, पण तो धरून उभा राहतो मांडववाला. आमच्या मंडळात मांडवाचा कागद कधी झालाच नाही. वासा ज्याच्या हातात, त्या वर्षीचा मांडव आणि देखावा त्याचा, एवढाच करार. माझी उमेदीची सगळी वर्षं त्या वाशावर गेली. बाकीची कामं पोटासाठी होती; हे एक काम मी गणपतीचं म्हणून करायचो.

संदीप माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. ती गेली तेव्हा तो शाळेत होता. आम्हाला मूलबाळ नाही. तो आमच्या घरी आला आणि घरचाच झाला. त्याला धंद्यातली पहिली गाठ मी शिकवली. बांबू कुठला सरळ आणि कुठला आतून किडका हे नुसत्या आवाजावरून ओळखायला मी शिकवलं. त्या वर्षी मी देखाव्यासाठी कंबोडियातलं अंगकोर वाट हे मंदिर धरलं होतं. जुनं, प्रचंड, मुळात विष्णूचं बांधलेलं. फोटो जमवले, पुठ्ठ्याची प्रतिकृती केली. ती जेवणाच्या टेबलावर इतके दिवस होती की आमची ही, म्हणजे माझी बायको, आम्हाला जमिनीवर पानं मांडून वाढायची. आणि काम असं रंगात आलेलं असताना डॉक्टरांनी मोतीबिंदू आता थांबायचा नाही म्हणून सांगितलं. संदीप म्हणाला, “मामा, तुम्ही निवांत ऑपरेशन करून घ्या. इकडचं मी बघतो.”

त्याने बघितलं. डोळ्यावर काळा चष्मा लावून मी बाहेर पडलो तर चौकात फ्लेक्स. त्यावर अध्यक्षांशेजारी वासा धरून उभा असलेला संदीप, खाली मोठ्या अक्षरांत ‘मांडव व देखावा’ आणि पुढे त्याचं नाव. प्रतिकृती माझी. वासा माझा. मला कुणी एक फोनसुद्धा केला नव्हता.

मी त्या दिवशी आरडाओरडा केला नाही, हे आमच्या हिला अजून खरं वाटत नाही. मंडळाचा गणपती वर्षभर त्या चौकातच छोट्या देवळात असतो. मी रस्त्याच्या पलीकडून त्याच्याकडे पाहिलं आणि मनात सांगितलं की हा पोरगा माझ्या दारात येऊन नाक घासेपर्यंत मी तुझं तोंड बघणार नाही. संदीप त्यानंतर एकदा घरी आला होता. मी दार उघडलं नाही. नाक घासायला आलेला माणूस हातात पेढे घेऊन येत नसतो.

भांडण माझं भाच्याशी होतं, पण नातं तुटलं ते गणपतीशी. दुकानात जायला लकडी पुलावरून सरळ रस्ता आहे. त्या चौकातून जावं लागू नये म्हणून मी नदीकाठाने वळसा घालून जायला लागलो. बांबूवर पहिला पाय ठेवताना कपाळाला हात लावून ‘मोरया’ म्हणायची आमच्या धंद्याची रीत. माझ्या तोंडून ते आपोआप यायचं. ते बंद झालं. मग हळूहळू चढणंही बंद झालं. माणसांना मी डोळ्याचं कारण सांगायचो. डोळ्याला काही झालेलं नव्हतं. नाव घेतल्याशिवाय वर जायचं नाही आणि नाव तर घ्यायचं नाही, मग जमिनीवर उभं राहून हुकूम सोडायचे एवढंच उरलं. सकाळी आंघोळ झाली की हात जोडायला घरात देव होते, पण पुढे उभं राहिलं की मला त्या चौकातलाच दिसायचा आणि मी देवघरासमोरून निघून यायचो. हा काळ किती वाईट गेला ते मी कुणाला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

अशी बरीच वर्षं गेली. यंदा पुन्हा नदीकाठी ढोलांचा सराव सुरू झाला तसा मी घरात चिडचिड करू लागलो. एक दिवस ही म्हणाली, “दरवर्षी गणपतीत दहा दिवस घरात बसून भिंतीशी भांडता. यंदा परदेशातल्या भिंतीशी भांडा.” तिने प्रवास कंपन्यांची माहितीपत्रकं आणून ठेवली होती. त्यांतल्या एकात अंगकोर वाट होतं. मी तेच निवडलं. भक्तिभावाने नाही, हे स्पष्ट सांगतो. माझ्या कल्पनेवर संदीपने केलेला देखावा बघायला त्या वर्षी रांगा लागल्या होत्या. मी तो बघितला नव्हता. जो भेटेल तो मला ऐकवून जायचा की मामा, हुबेहूब केलंय हो पोराने. मला खरं मंदिर बघून यायचं होतं. मग हुबेहूब म्हणणाऱ्या एकेकाला त्यात काय काय चुकलं होतं ते मी सांगणार होतो.

बुकिंगच्या मुलीशी मी खिडकीजवळच्या जागेवरून आणि जास्तीच्या बॅगेवरून इतका वेळ घासाघीस केली की शेवटी तिने तिच्या साहेबांना बोलावलं. ही शेजारी बसून माहितीपत्रकाने वारा घेत होती. तिथल्या बाजारातही मी तेच केलं. भाषा येत नसली तरी भाव करता येतो. नाक मुरडायचं आणि चालायला लागायचं. फक्त मंदिराच्या तिकिटाच्या खिडकीवर काही चाललं नाही. तिथल्या बाईने माझ्याकडे बघितलंही नाही, माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

मंदिर मी पहिल्यांदा लांबून बघितलं. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि हवा घामट होती. रुंद खंदक, त्यावरून जाणारा दगडी रस्ता आणि पलीकडे शिखरं. आमचा गाइड मध्यम वयाचा तिथलाच माणूस होता, त्याला कामापुरतं हिंदी येत होतं. शिखरं पाच, पण समोरून तीनच दिसतात. पाचही बघायची तर बाजूला तळ्याकडे जाऊन उभं राहावं लागतं, असं त्याने सांगितलं. मी प्रतिकृतीत पाचही एकदम दिसतील अशी मांडली होती. म्हणजे पहिली चूक माझीच निघाली. मी ती हिला सांगितली नाही.

आत शिरताना दरवाजाच्या सोप्यात विष्णूची मोठी मूर्ती आहे. आठ हातांची, भगवं वस्त्र नेसवलेली. पुढे उदबत्त्या जळत होत्या, फळं ठेवलेली होती आणि तिथले लोक येऊन गुडघे टेकत होते. ते आता बुद्धाला मानतात, पण या मूर्तीला सोडलेलं नाही. मी हात जोडले. ही माझ्याकडे बघत होती.

“याच्याशी भांडण नाही ना तुमचं?”

“नाही.”

“मग नीट वाका.”

मी वाकलो. पुढच्या भिंतींवर दूरवर कोरीवकाम आहे. देव आणि दैत्य नागाची दोरी करून समुद्र घुसळताहेत ती भिंत मी बराच वेळ बघितली. एवढा दगड कुठून आणला असेल, वर कसा चढवला असेल, परांची कशाची बांधली असेल, हेच माझ्या मनात येत होतं. ज्यांनी बांधलं त्यांना मी मानलं. आमचा मांडव दहा दिवसांचा. अकराव्या दिवशी काथ्या कापला की बांबू मोकळे. यांनी घातलेला मांडव अजून उभा होता.

मंदिराचा सगळ्यात वरचा भाग म्हणजे मधला उंच चौथरा. तिथे जायला गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात, टोपी काढावी लागते, आणि रांग असते. मूळचा दगडी जिना इतका उभा आहे की त्यावर आता लाकडी पायऱ्या आणि कठडा बसवलाय, तरीही तो शिडीसारखाच चढतो. हिचे गुडघे दुखतात. ती खाली दगडावर बसली आणि मला म्हणाली की वर जाऊन काय चुका काढायच्या त्या काढून या. मी चढलो. चढताना काही झालं नाही. नजर पुढच्या पायरीवर होती आणि हात कठड्यावर.

वर गेलो आणि आधी मधला गाभारा शोधला. माझ्या प्रतिकृतीत गणपती मधे होता. सगळी शिखरं, सगळे जिने त्याच्याकडे येत होते. इथे मधल्या गाभाऱ्याची दारं दगडांनी बंद केलेली आहेत. चारही बाजूंना बुद्धाच्या मूर्ती आहेत, आत कुणाला जाता येत नाही. पूर्वी विष्णू तिथे होता म्हणतात. मी त्या बंद दगडासमोर उभा राहिलो, हात जोडले आणि तोंडात कुणाचंच नाव येईना. विष्णूचं नाही, बुद्धाचं नाही. एकच नाव ओठांपर्यंत येत होतं आणि ते मी गिळत होतो. चुका काढायला आलो होतो ते पार विसरलो आणि तसाच खाली जायला निघालो.

उतरायच्या जागी आलो, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, खाली बघितलं आणि माझे पाय गेले. याला दुसरा शब्द नाही. दोन्ही पायांतला जीव निघून गेला. ज्या माणसाने आयुष्यभर बांबूवर एका पायावर उभं राहून गाठी मारल्या, तो मी मटकन खाली बसलो आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. पायऱ्या पावसाने ओल्या होत्या. खालची माणसं तिरकी दिसत होती. डोकं गरगरत होतं आणि तळहाताला घाम सुटून कठडा निसटेल असं वाटत होतं. मागे रांग थांबली. कुणीतरी काहीतरी बोललं. राखणदार पुढे आला आणि उठा, चला, अशी खूण करू लागला. मी त्याच्यावर मराठीत ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. राग संपला तेव्हा खाली नुसती भीती उरली होती. हिला हाक मारावी तर आवाज पोचणार नाही. वर परत जावं तर उठता येत नाही.

अशा वेळी माणूस जे करतो ते मी केलं. मनात सौदा सुरू केला. मला एकदा खाली उतरव, मी अमुक करीन, तमुक करीन. माझा जन्म त्यातच गेलाय, मला दुसरं येतं काय? पण बोली लावायची कुणापुढे? ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी मीच व्यवहार बंद केला होता. ज्याचं तोंड बघणार नाही म्हटलं, त्याला कुठल्या तोंडाने सांगणार की मला धर? मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पुढे करायला काही नव्हतं. मी डोळे मिटले आणि तोंडातून ‘मोरया’ निघून गेलं. मोठ्याने नाही. त्यात मागणं नव्हतं, वचन नव्हतं. श्वास सुटावा तसं ते सुटलं.

डोळे उघडले तर शेजारी एक म्हातारी बसली होती. पांढरे कपडे, डोकं भादरलेलं, अंगाने काटकुळी. देवळात राहणाऱ्या तिथल्या जोगिणी अशा असतात. माझ्या आईच्या वयाची असेल. ती कुठून आली ते मला दिसलं नाही. मागच्या रांगेतूनच आली असणार. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिली, जणू आम्ही दोघं बसची वाट बघतोय. मग तिने माझा खांदा धरून मला फिरवलं. तोंड पायऱ्यांकडे, पाठ बाहेर. मला खालचं दिसायचं बंद झालं. समोर फक्त ओलं लाकूड. मग ती माझ्या बाजूने सरकून खाली गेली आणि तिने माझा पाय धरला.

“अहो आजी,” मी म्हणालो, “पायाला हात नका लावू. मला पाप लागेल.”

तिला मराठी कुठून कळणार? औषध घ्यायला कुरकुरणाऱ्या माणसाला आपण जसं दटावतो तशा सुरात ती काहीतरी म्हणाली, आणि माझी टाच तळहातात घेऊन तिने ती खालच्या पायरीवर ठेवली. दाबून बघितली. मग दुसरी टाच. मग पुन्हा पहिली. मी पाय आखडून घेत होतो तोवर ती थांबून राहायची. सैल सोडला की तो आपसूक जागेवर जायचा.

चौथ्या-पाचव्या पायरीला मला संदीप आठवला. मिसरूड फुटायच्या वयात तो पहिल्यांदा मांडवाच्या माथ्यावर गेला आणि वर जाऊन गोठला होता. खाली सगळे हसत होते. मी शिडीने वर गेलो, त्याला बांबूकडे तोंड करायला लावलं आणि खालून त्याची टाच धरली. तो रडत म्हणत होता, मामा, सोडू नका. मी त्याला म्हणालो होतो, “सोडत नाही. तू उतरू नकोस. पाय माझ्याकडे दे.” माणूस पाय देत नाही तोवर त्याला कुणी उतरवू शकत नाही, हे मला माहीत होतं. धंद्यातली गोष्ट आहे. पण ती मी नेहमी खालच्या बाजूने बघितली होती. वरच्या बाजूला असताना काय वाटतं ते मला त्या जिन्यावर कळलं. मी पाय दिला. उरलेला जिना कसा संपला ते मला सांगता येणार नाही, कारण तो मी उतरलोच नाही.

जमिनीला पाय लागले आणि मी तसाच लाकडाला कपाळ टेकून उभा राहिलो. वळलो तेव्हा माणसांची ये-जा चालली होती आणि ती नव्हती. ही लगबगीने आली. “वर कुणाशी भांडत होतात? आवाज इथवर आला,” तिने विचारलं आणि मग माझा चेहरा बघितला. पाण्याची बाटली दिली. तिने म्हातारीला बघितलं होतं. कुणीतरी पांढऱ्या कपड्यांतली बाई तुमचे पाय धरून उतरवत होती, असं ती म्हणाली. म्हणजे मला भास झाला नव्हता, एवढं पक्कं.

मला त्या बाईला भेटायचं होतं. गाइड आम्हाला खालच्या ओवरीत घेऊन गेला. तिथे बुद्धाच्या मूर्तीजवळ तशा एक-दोन जणी बसलेल्या होत्या. ही एकीकडे बोट करून म्हणाली की हीच. मला सांगता आलं नाही. पांढरे कपडे, भादरलेलं डोकं, मला त्या सारख्याच दिसत होत्या. मी पुढे जाऊन गुडघे टेकले. तिने मला ओळखल्याचं काहीही दाखवलं नाही. सगळ्यांना देते तशी मला उदबत्ती दिली, माझं मनगट ओढून त्यावर लाल दोरा बांधला आणि समोरच्या ताटाकडे बोट केलं. मी खिशातून जे हाताला लागलं ते ठेवलं. गाइड म्हणाला, या वर गेल्या नसतील, यांना कुणीतरी धरून उठवावं लागतं. ही म्हणाली, माझे डोळे शाबूत आहेत, हीच होती. दोघांचा वाद होईल असं दिसू लागलं तेव्हा मी त्यांना थांबवलं. कोण होती याचा छडा लावायची मला गरज नव्हती. माझी टाच कुणीतरी धरली होती, आणि ती मी नाव घेतल्यावर धरली गेली होती. यावर मी कुणाशी वाद घालणार नाही आणि कुणाला पटवूनही देणार नाही.

त्या संध्याकाळी हॉटेलात मी हिला सगळं सांगितलं. नाव तोंडातून निघालं तेही सांगितलं. मी अबोला धरला होता, पण गणपतीने धरलेला नव्हता, एवढं मला कळलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “संदीपला कधी विचारलंत का?”

“काय विचारायचं?”

“का केलंस म्हणून.”

“त्यात विचारायचं काय? फोटो आहे.”

“म्हणजे फोटोला विचारलंत,” ती म्हणाली. “त्याला नाही.” आणि दिवा मालवून झोपली.

आम्ही परत आलो तेव्हा गणपती अजून उठायचे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हिला म्हटलं, चला. तिने पायात चपला घातल्या. पुलाच्या अलीकडेच गाड्या बंद होत्या. गर्दीतून चालत आम्ही लकडी पूल ओलांडला आणि मी वळसा न घेता सरळ चौकात गेलो. कार्यकर्त्यांतल्या कुणीतरी मला बघून ‘मामा आले’ असं म्हटलं आणि पुढची माणसं बाजूला झाली. देखावा काय होता ते मला आठवत नाही. मी मांडवाकडे बघितलंच नाही. समोर तो होता. तेच डोळे, तीच सोंड, उजव्या हाताशी तीच रंग उडालेली जागा, जी मी दरवर्षी हाराने झाकायचो. यंदाही कुणीतरी हार नेमका तिथेच आणून सोडला होता.

मी बराच वेळ उभा राहिलो. रांग थांबली असेल, कुणी मला हलवलं नाही. मी काही मागितलं नाही आणि काही कबूलही केलं नाही. फक्त म्हणालो की पाय तुझ्याकडे दिलेत, आता तू ठेवशील तिथे. हलकं वाटलं. देवाला शरण गेलं की मनातल्या तक्रारी विरून जातात, असं मी पूर्वी वाचलं होतं. माझ्या बाबतीत तसं झालेलं नाही. तक्रार आहे तशीच आहे. पण इतकी वर्षं ती घेऊन मी एकटा गोठून बसलो होतो, मागे-पुढे काही होत नव्हतं. ती घेऊन कुठे उभं राहायचं ते मला कळलं. ज्याने मला त्या जिन्यावरून खाली आणलं, त्याच्यासमोर. त्याचे उपकार मी कसे मानू? इतकंच लिहू शकतो की त्या दिवसापासून सकाळी मी चौकातूनच दुकानात जातो आणि बांबूवर पाय ठेवताना पुन्हा त्याचं नाव घेतो.

त्या संध्याकाळी मूर्तीपुढून वळलो तर मागे संदीप उभा होता. दाढीत पांढरं आलेलं. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत. उठला तेव्हा त्याला काय करावं सुचेना, कुणाला तरी खुर्ची आणायला सांगितली, मामींना पाणी दे म्हणाला, मग मला म्हणाला की मामा, बसा, चहा सांगतो.

“चहा नंतर,” मी म्हणालो. “आधी याच्यासमोर उभा राहा आणि सांग, संदीप. मी डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्यात पडलो होतो. वासा तू का पुजलास?”